सरपंचताईंना उतरवायला किती मतं लागतात?

परवा गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एकीने विचारलं, "नऊपैकी सहा सदस्यांना सरपंच नको असली, तरी उरलेल्या तिघांमुळे ती टिकते. हा कुठला न्याय? हा नियम काढूनच टाकावा ना?"

प्रश्न रास्त आहे. विधानसभेत सरकार पाडायला साधं बहुमत पुरतं. ग्रामपंचायतीत तसं नाही. सदस्यांनी आपल्यातून निवडलेल्या सरपंचावरचा अविश्वास ठराव मंजूर व्हायला एकूण सदस्यांपैकी दोन-तृतीयांश मतं लागतात, म्हणजे नऊपैकी सहा. पण पद महिलेसाठी राखीव असेल आणि त्यावर महिला असेल, तर तीन-चतुर्थांश, म्हणजे नऊपैकी सात. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३५ मध्ये हे आहे.

बाईसाठी एक मत जास्त का? आरक्षणाने खुर्ची मिळते, पण ती टिकू देतीलच असं नाही. बिलावर मुकाट्याने सही केली नाही, की जेवणावळी होतात, सदस्य फिरवले जातात. तेव्हा हे एक मत तिला काम करायला वेळ देतं.

नियम असूनही वाट सोपी नसते. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना, त्या सरकारी जागेवरच्या घरात सासूसोबत राहतात या तक्रारीवरून अपात्र ठरवलं गेलं. तिथे मतं मोजायचा प्रश्नच नव्हता. उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. शेवटी २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं. दिल्लीपर्यंत जाणं किती जणींना जमेल?

दुसरी बाजूही खरी आहे. कारभार नवराच बघत असेल, पैशांचा हिशोब मिळत नसेल, तर तीच ढाल वाईट कारभारालाही वाचवते. त्याचे चटके पुन्हा आपल्यालाच, नळाला पाणी नसलेल्या बायांना.

म्हणून आम्हाला वाटतं, नियम काढू नये. शेवटचा शब्द गावाचा असावा. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचाबाबत तशी सोय आहे. ही निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये बंद झाली, २०२२ मध्ये परत आली. अशा सरपंचाविरुद्ध तीन-चतुर्थांश सदस्यांनी ठराव केला, तरी तो विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो. गुप्त मतदानात सासरा, दीर, सावकार कोणी बघत नाही.

पण ग्रामसभेत आपण गेलोच नाही, तर तिथेही दुसरेच ठरवतील. तेव्हा कापूस वेचणीचा एक दिवस बुडाला तरी चालेल, धुळे-जळगावच्या गटांनी मिळून जायचं. आधी विचारायचं, "ताईंची चूक काय, कागद दाखवा." मग मत द्यायचं.