आधी बॅटरी, मग पाय!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाला, मराठी सांभाळून घ्या. पण पावसाळ्यात होस्टेलमागच्या गवतातून मेसचा शॉर्टकट आपण सगळेच मारतो, म्हणून लिहितोय.

आपल्याकडचे मुख्य विषारी साप ४: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. साप मुद्दाम मागे लागत नाही. आपला हात-पाय त्याच्यावर पडला की चावतो. म्हणून बूट घाला, रात्री बॅटरी लावा, न बघता दगडाखाली हात घालू नका. पाय आपटत चाललं की जमिनीच्या थरथरीने बरेच साप निघून जातात. घोणस मात्र जागची हलेलच असं नाही. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला की थांबा, हळूच मागे फिरा.

चावलाच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलवू नका, १०८ ला फोन करून मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. मण्यार चावलेलं कधीकधी दुखतही नाही, म्हणून "काही झालं नाही" म्हणत झोपू नका. विषावर उतारा फक्त अँटीव्हेनम. तो मांत्रिकाकडे नसतो. आणि साप मारून सोबत नेऊ नका. चौघांवर इंजेक्शन एकच आहे!