मागांच्या खडखडाटात वाढलेल्या आळ्या

भिवंडी, प्रतिनिधी - तीनबत्ती, मंडई, कासारआळी, ब्राह्मणआळी, बंदर मोहल्ला, निजामपुरा... भिवंडीतील कोणत्याही वयस्क रहिवाशासमोर ही नावे घ्या, दुकानांच्या पाट्यांच्या आधी त्याला मागांचा आवाज आठवेल. एकेकाळी या शहरात पाहुणा आला की पहिल्या रात्री त्याला झोप लागत नसे आणि भिवंडीकर बाहेरगावी गेला की तेथील शांततेने त्याची झोप उडत असे, असे गमतीने म्हटले जाई. साध्या यंत्रमागावर लोखंडी टोकांचा लाकडी धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो. प्रत्येक फेरीला लाकडी दांडी त्याच्यावर आदळते. असे वीस-पंचवीस माग एका गाळ्यात, आणि असे गाळे घराला लागून घर असावे तसे ओळीने. हा खडखडाट दिवसपाळी संपली तरी थांबत नसे, कारण लगेच रातपाळी सुरू होई.

कापडाच्या आधीची भिवंडी मात्र वेगळी होती. कामवारी नदीच्या काठचे हे गाव खाडीच्या मार्गाने समुद्राशी जोडलेले होते. बंदर मोहल्ल्याचे नाव आजही त्याची साक्ष देते. भात, सुकी मासळी, लाकूड आणि गवत हा येथील मुख्य व्यापार. 1854 मध्ये रेल्वे कल्याणला पोहोचली, भिवंडी मात्र लोहमार्गाच्या बाहेर राहिली आणि बंदराचे महत्त्व हळूहळू ओसरत गेले. 1901 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या जेमतेम दहा हजारांच्या घरात होती. 2011 मध्ये तीच सात लाखांच्या पुढे गेली. मधल्या 110 वर्षांत जे घडले, ते प्रामुख्याने मागाने घडविले.

1857 च्या उठावानंतर उत्तरेतून निघालेली मोमीन विणकरांची कुटुंबे आग्रा रोडच्या वाटेने मालेगावला आणि भिवंडीला स्थिरावली. त्यांच्या हातमागावर लुगडी विणली जात. पुढे वीज आली, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातमागाची जागा यंत्रमाग घेऊ लागला. येथे एक प्रश्न साहजिकच पडतो. मुंबईत कापड गिरण्यांच्या उंच भिंतींआड विणले जात होते, मग भिवंडीत ते आळीबोळांत, घराच्या तळमजल्यावर का विणले गेले? याचे उत्तर सरकारी धोरणात आहे. 1956 मध्ये केंद्र सरकारने गिरण्यांच्या मागांची संख्या वाढविण्यावर निर्बंध आणले. दुसरीकडे, मोजके माग असलेल्या लहान घटकांना अबकारी करात सवलत होती. साहजिकच मोठा कारखाना काढण्यापेक्षा चार माग भावाच्या नावावर, चार मेहुण्याच्या नावावर लावणे फायद्याचे ठरले. शहराच्या रस्त्यांचा तोंडवळा या हिशेबातून घडला, हे नगररचनेच्या पुस्तकात सापडणार नाही.

माग आळीत आले तशी त्यांच्यावर जगणारी दुकानेही आळीत आली. कुठे धोटे, पिकर, चामडी पट्टे आणि फण्या विकणारे दुकान, कुठे सुताच्या पेट्यांची वखार, कुठे बिघडलेला सुटा भाग घासूनपुसून पुन्हा चालता करणारा लेथवाला. सायझिंगमधून खळ देऊन आलेले बीम हातगाडीवरून निघाले की अरुंद रस्त्यावर सारी वाहतूक त्यांच्या मागे मुंगीच्या पावलांनी सरकत असे. परतीला त्याच हातगाड्यांवर कोऱ्या कापडाचे तागे असत. हे कापड मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटातील व्यापाऱ्यांकडे जाई, तेथून रंगाई-छपाईला. ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या कापडावर भिवंडीचे नाव कधीच नसे. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे आणि भिवंडीची फक्त मजुरी, अशी ही रीत. एवढे कापड विणणाऱ्या शहराचे नाव एकाही प्रसिद्ध वाणाला लाभू नये, याचे वैषम्य आजही येथे बोलून दाखविले जाते.

कामगार बहुतांशी एकटे असत. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले, तसेच करीमनगर, वरंगळकडून आलेले. पद्मशाली विणकरांच्या वस्तीमुळे पद्मानगरात तेलुगू पाट्या लागल्या, तर निजामपुऱ्यात उर्दू आणि बाजारपेठेत मराठी. घरदार गावी ठेवून आलेल्या या माणसांसाठी ‘बिस्सी’ ही संस्था उभी राहिली. बिस्सी म्हणजे ना हॉटेल ना निव्वळ खानावळ. ठरलेल्या रकमेत दोन वेळचे जेवण, नावावर खाते, आणि पैसे पगार झाल्यावर. मजुरी विणलेल्या मीटरवर मिळत असल्याने वीज गेली की मजुरीही जाई. अशा आठवड्यात बिस्सीवाल्याची वही कामगाराला तारून नेई. बिस्सीवाल्याला किराणावाला सांभाळून घेई आणि किराणावाल्याला घाऊक व्यापारी. कागदावर कुठेही नसलेली ही उधारीची साखळी साऱ्या बाजाराचा कणा होती.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचे काम मोठ्या प्रमाणावर भिवंडीकडे वळले. मुंबईतील गिरणगाव ओस पडत असताना येथील गाळे मात्र वाढत गेले.

या आठवणींत रम्य नसलेलाही भाग आहे, आणि तो वगळला तर चित्र खोटे ठरेल. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी शहरात भीषण दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्या. मादन आयोग नेमला गेला. मे 1984 मध्ये पुन्हा तेच झाले. ज्या दुकानांच्या फळ्यांवर संध्याकाळी दोन्ही समाजांचे लोक गप्पा मारीत, त्याच फळ्या दुसऱ्या दिवशी जळालेल्या होत्या. पुढे 1988 मध्ये पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. त्यांत आळीतीलच सामान्य माणसे होती. सूतवाल्याला मागवाला हवा आणि मागवाल्याला कामगार, हे रोजच्या व्यवहारातील परस्परावलंबित्व समित्यांच्या बैठकांना उपयोगी पडले असावे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. जुने भिवंडीकर कल्याण नाक्याच्या गर्दीपेक्षा ही गोष्ट अधिक अभिमानाने सांगतात, ते रास्तच आहे.

गेल्या दोन दशकांत मात्र रस्ते झपाट्याने बदलले. सूताचे चढउतार, वीजदर, नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी आणि जुलै 2017 चा जीएसटी अशा एकामागून एक आलेल्या धक्क्यांनी लहान मागवाल्यांचे कंबरडे मोडले. अनेकांनी माग भंगारात, किलोच्या भावाने विकले. त्याच काळात माणकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा या परिसरात गोदामांची रांग उभी राहिली. शहराचा पैसा आळीतून महामार्गाकडे सरकला. टाळेबंदीत तर बिस्स्याही बंद पडल्या. मे 2020 च्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरसाठी श्रमिक गाडी सुटली. एरवी ज्या स्थानकाकडे शहर फारसे फिरकत नसे, तेथून माग चालविणारी माणसे निघून गेली. त्यांतील काही पुढे परतली, सगळी नाहीत.

ज्यांच्याकडे भांडवल होते, त्यांनी रॅपियर माग बसविले. त्यांच्यावर कापड जलद निघते आणि एक कामगार अधिक माग सांभाळू शकतो. रॅपियरला धोटा लागत नाही. धोटा नाही म्हणून कांडी नाही, पिकर नाही, आणि कांड्या भरणाऱ्या माणसालाही काम नाही. धोटे, पिकर आणि पट्टे विकणाऱ्या दुकानांना त्यामुळे दुसरा धंदा शोधावा लागतो.