पिकअपच्या टायरचा खांदेपालट



ऊस विकास खात्याच्या माणसाने टायरवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गेल्या आडसाली लागणीत आपल्या एका सभासदाची पिकअप बेणे भरून येत असताना मागचा टायर फुटला आणि गाडी कडेच्या चरात गेली. माणसे वाचली, हे नशीब. बेणे मात्र दुसऱ्या दिवशी सायंकाळी शेतावर पोहोचले. तोडलेले बेणे २४ तासांच्या आत लागणीला गेले पाहिजे, हे आपण जाणताच. गाडी पाहिली तर मागचे दोन्ही टायर गोटा झालेले आणि पुढच्यांची नक्षी निम्म्याहून अधिक शिल्लक! चारही टायर एकाच दिवशी बसविलेले होते.

असे का व्हावे? बहुतेक पिकअपमध्ये इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असतो आणि मालाचे ओझेही तीच पेलतात. पुढची चाके वळण घेतात, ब्रेक दाबताच भार त्यांच्यावर येतो. त्यामुळे त्यांच्या कडा जास्त घासतात. पालखीचे भोई खांदा बदलतात, तसेच टायरच्या जागा बदलल्या की झीज चौघांत वाटली जाते.

रीत अशी :

१) दर ८ ते १० हजार कि.मी.ला अदलाबदल करावी. गाडीच्या पुस्तकात वेगळे सांगितले असल्यास तेच पाळावे.

२) मागचे दोन टायर त्याच बाजूने सरळ पुढे आणावेत. पुढचे दोन फुलीने मागे न्यावेत. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.

३) टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलू नये, फक्त पुढे-मागे करावे. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर ही अदलाबदल करूच नये.

४) भरलेली गाडी जॅकवर उचलू नये. नट फुलीच्या क्रमाने आवळावेत आणि ५०-१०० कि.मी. चालल्यावर पुन्हा तपासावेत.

५) टायरची जागा बदलली की हवाही त्या जागेप्रमाणे भरावी. पुष्कळजण हेच विसरतात. हवा टायर थंड असताना मोजावी.

एक मात्र ध्यानात ठेवा. खांदेपालट हे दुखण्यावरचे औषध नव्हे. टायर एकाच कडेने झिजत असेल तर अलाइनमेंट तपासा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहते, मधोमध झिजला तर जास्त होते. नक्षीच्या खाचेत बारीक आडवे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले, म्हणजे खाच १.६ मि.मी. उरली, की टायर बाद समजावा. तो पुढे लावला काय नि मागे लावला काय, धोका तोच.

दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो. यंदा हार घालण्यापूर्वी चारही टायर वाकून बघा. पाच मिनिटांचे काम आहे. गाडीत नुसता माल नसतो, आपली माणसेही बसलेली असतात.

— ऊस विकास अधिकारी