गिरगावातील काचेचे छप्पर

जुन्या मुंबईतील छायाचित्रकारांनी काढलेल्या, पत्त्याच्या पानाहून फारशा मोठ्या नसलेल्या आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या छब्या गोळा करण्याचे व्यसन मला तरुणपणी जडले. ते सुटावे अशी इच्छा मला कधी झाली नाही आणि घरच्यांनीही पुढे आशा सोडली. माझ्या संग्रहातील एका छबीत मोठी पगडी घातलेले एक गृहस्थ खुर्चीला रेलून उभे आहेत. एका हातात मिटलेले पुस्तक आहे, मागे कापडावर रंगविलेला खांब आहे आणि पायांखाली विलायती गालिचा आहे. थाट सगळा सरदारी. पण त्यांच्या टाचांमागे लोखंडी तिवईचे पाय डोकावतात. या तिवईला वर एक चिमटा असे व तो मानेला मागून आधार देई, कारण काही सेकंदांच्या अवधीत डोके किंचित जरी हलले तरी चेहरा धुरकट होऊन पैसे वाया जात. आपल्या पूर्वजांच्या मुद्रेवर जो करारीपणा आपण कौतुकाने न्याहाळतो, त्याचे निम्मे श्रेय या लोखंडाला दिले पाहिजे, असे माझे मत आहे.

दागेरने लावलेल्या छायाचित्रणाच्या शोधाची कथा वाचकांस ठाऊक आहे. तिची पुनरुक्ती करीत नाही. मुंबईपुरते बोलायचे तर खरा पालट घडविला तो १८५१ साली इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या रीतीने. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावी, ओली असेतोवरच तिच्यावर छबी घ्यावी आणि तशीच अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवावी, असा तो खटाटोप होता. त्यात बोटे काळी पडत आणि आपल्या उन्हाळ्यात काच वाळण्याची धास्ती अखंड असे. छबी ज्या कागदावर उतरे त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला असे. सोवळ्यातील घरांच्या भिंतींवरही या तसबिरी सन्मानाने विराजमान झाल्या. अंड्याचा हा तपशील तेथील आजीबाईंच्या कानी कोणी घातला असेल, असे वाटत नाही. पुढे पॅरिसच्या दिस्देरी याने १८५४ साली एकाच काचेवर अनेक लहान छब्या घेण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले, आणि आजवर राजेरजवाड्यांना व चित्रकारास पोसू शकणाऱ्या धनिकांनाच परवडणारी आपली प्रतिमा वकील, व्यापारी आणि कारकून यांच्याही आवाक्यात आली.

त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व तिच्या कार्यकारी मंडळात डॉ. भाऊ दाजी होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तर वैद्यकीबरोबर कॅमेराही हाती धरला आणि मुंबईतील जातीजमातींच्या व व्यवसायांच्या माणसांच्या छब्या घेतल्या. विल्यम जॉन्सन या इंग्रजाने हेच काम दोन खंडांच्या ग्रंथात (१८६३ व १८६६) केले. पण त्यात माणसांच्या आकृती त्यांच्या मूळ जागेवरून उचलून निराळ्याच देखाव्यांवर बसविलेल्या आहेत. या ग्रंथातील माणसे नमुन्यादाखल उभी केलेली आहेत, आणि माझ्या पगडीवाल्या गृहस्थांची छबी मला त्याहून प्रिय वाटते ती एवढ्याचसाठी की ते आपल्या पायांनी चालत आले, पदरचे पैसे देऊन उभे राहिले आणि हाती कोणते पुस्तक धरावे हे बहुधा त्यांनीच ठरविले.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे वळतो. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. क्रॉफर्ड हे शिक्षक आणि सुमारे ४० विद्यार्थी. त्यांतील एक हरिश्चंद्र चिंतामण. मुंबईत छायाचित्रणाचा धंदा करणाऱ्या पहिल्या एतद्देशीयांत त्यांची गणना होते, आणि छायाचित्रणाच्या इतिहासग्रंथांत त्यांची हकिगत साधारणपणे येथेच आटोपते. मला त्यांचे नाव दुसऱ्यांदा भेटले ते अगदी अनपेक्षित जागी. १८७४ साली लंडनच्या ट्र्यूब्नर कंपनीने भगवद्गीतेवरील एक इंग्रजी भाष्य प्रसिद्ध केले. त्याच्या मुखपृष्ठावर कर्ता म्हणून हरिश्चंद्र चिंतामण यांचे नाव असून बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांचे राजकीय प्रतिनिधी असा त्यांचा हुद्दा नमूद आहे. कलोडियनने बोटे काळी करणारा इसम गायकवाडांचा वकील होऊन विलायतेत गीता सांगतो, हे वाचून मी थक्क झालो. मात्र हा हुद्दा फार काळ टिकण्यासारखा नव्हता. १८७५ च्या एप्रिलात इंग्रज सरकारने मल्हाररावांस पदच्युत केले.

त्याच महिन्यात मुंबईत आर्य समाज स्थापन झाला, आणि काही वर्षांतच आपले हरिश्चंद्र त्याच्या अध्यक्षपदी दिसतात. न्यूयॉर्कमधील कर्नल ऑल्कॉट व मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला, १८७८ च्या मे महिन्यात त्या दोघांच्या थिऑसॉफिकल सोसायटीने आर्य समाजाशी जोडून घेण्याचा ठराव केला, आणि समाजासाठी म्हणून तिकडून आलेली रक्कम हरिश्चंद्रांच्या हाती पडत राहिली. १६ फेब्रुवारी १८७९ रोजी ही मंडळी मुंबईस उतरली. ऑल्कॉटसाहेबांनी बंदराच्या दगडी पायरीचे चुंबन घेतले आणि सर्वांचा मुक्काम हरिश्चंद्रांच्याच घरी, गिरगाव बॅक रोडवर, पडला. घराला लागूनच काचेच्या छपराचा स्टुडिओ होता, कारण विजेच्या दिव्यापूर्वीच्या त्या काळात छबीला लागणारा उजेड आकाशातूनच घ्यावा लागे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी याच स्टुडिओत तीनशेहून अधिक निमंत्रितांच्या उपस्थितीत पाहुण्यांचा सत्कार झाला, हार घातले गेले, गुलाबपाणी शिंपडले गेले.

आणि मग यजमानांनी बिल दिले. ऑल्कॉटच्या आठवणींत त्याचा तपशील आहे, आणि माझ्या मते त्या काळच्या मुंबईतील हा एक अत्यंत वाचनीय कागद असला पाहिजे. घरभाडे, भोजन, नोकरचाकर, घराची डागडुजी, सत्कारासाठी आणलेल्या तीनशे खुर्च्यांचे भाडे, इतकेच काय, लवकर निघून या असा आग्रह करणारी जी तार त्यांनी पाहुण्यांस पाठविली होती तिचाही खर्च त्यात मांडलेला होता! पाहुणे संतापले, मागची चौकशी निघाली, आणि समाजासाठी पाठविलेले सहाशेहून अधिक रुपये हरिश्चंद्रांच्याच खिशात राहिले, असे ऑल्कॉट सांगतात. मादाम ब्लाव्हाट्स्कींनी त्यांस धारेवर धरून रक्कम परत करण्याचे वचन घेतले, ती परतही मिळाली, आणि मंडळी त्याच रस्त्यावर १०८ क्रमांकाच्या घरात राहावयास गेली.

ही कैफियत एकाच पक्षाची आहे आणि ग्रंथरूपाने ती बऱ्याच वर्षांनंतर आली, हे विसरून चालणार नाही. सहाशे रुपयांचा आरोप खरा धरला तर त्याचे समर्थन मी करू इच्छीत नाही; लोकांच्या देणगीला हात लावणारा माणूस कोणत्याही कलेचा आद्य उपासक असो, तो दोषीच. बिलाविषयी मात्र माझे मत ऑल्कॉटहून निराळे आहे. ज्याच्या दारात रोज कोणी ना कोणी येऊन, त्याच्या खुर्चीवर बसून, त्याच्या गालिच्यावर पाय ठेवून, आपण आहोत त्याहून थोडे भारदस्त होऊन बाहेर पडत असे आणि त्याचा मोबदला मोजत असे, त्याने अमेरिकन पाहुण्यांनाही तोच दर लावला. तीनशे लोकांसमोर, हारतुऱ्यांसह, चांगल्या उजेडात त्यांस बसविण्याचे काम त्याने चोख केले होते. पडद्यावरील खांब खोटा आहे हे ठाऊक असूनही गिऱ्हाईक पैसे देते. ऑल्कॉटांना तो खांब खरा वाटला, एवढाच काय तो फरक.

या प्रकरणानंतर हरिश्चंद्रांचा आर्य समाजाशी संबंध तुटला. पुढे ते पुन्हा विलायतेस गेले आणि तेथील गूढविद्येच्या मंडळींत त्यांचे नाव अधूनमधून निघत राहिले. थिऑसॉफीचे इतिहासकार त्यांस ठक म्हणून ओळखतात, छायाचित्रणाचे इतिहासकार त्यांस आद्य व्यावसायिक म्हणून ओळखतात, आणि दोघांनी एकमेकांची दप्तरे एकत्र ठेवून वाचल्याचे मला फारसे आढळले नाही. ती तशी वाचली पाहिजेत. एका माणसाने पंचवीसएक वर्षांच्या काळात कॅमेरा, संस्थान, गीता आणि समाज अशी चार साधने आलटून पालटून हाती घेतली, आणि त्यांपैकी ज्याबद्दल त्याच्यावर कोणी ठपका ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही ते साधन कॅमेरा हेच आहे.

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या तसबिरी भिंतीवरून उतरतात, वाळवी लागलेल्या चौकटी बदलल्या जातात आणि मागचा पुठ्ठा बहुधा केरात जातो. तो टाकण्यापूर्वी उलटून पाहावा. छायाचित्रकाराचे नाव, पत्ता, कधी कधी एखादा हस्ताक्षरातील आकडा तेथेच असतो. आणि चित्रातील व्यक्ती कोण हे सांगणारे कोणी वडीलधारे घरात असेल, तर ते नाव शिसपेन्सिलीने पाठीमागे याच सुट्टीत लिहून ठेवावे.