मलावरोध, अफूजन्य

अफू, तिच्यापासून मिळणारी मॉर्फीन व कोडीन ही अल्कलॉइडे आणि त्यांच्यासारखेच कार्य करणारी ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल, मेथाडोन इ. संश्लेषित औषधे यांच्या सेवनाने आतड्यांची हालचाल व स्राव मंदावून जो मलावरोध उद्‌भवतो, त्यास ही संज्ञा देतात. नेहमीच्या मलावरोधापेक्षा तो कारणाने व चिकित्सेनेही वेगळा आहे. तीव्र वेदनाशामक औषधे दीर्घकाळ घ्यावी लागणाऱ्या रुग्णांत, विशेषतः कर्करोगाच्या रुग्णांत, तो इतका सर्रास आढळतो की, त्यास औषधाचा अनपेक्षित दुष्परिणाम न मानता अपेक्षित परिणामच मानणे योग्य ठरते.

अफूचा हा गुण वैद्यकास पूर्वापार ठाऊक आहे. मध्ययुगीन आयुर्वेदीय ग्रंथांत अफूचा उल्लेख ‘अहिफेन’ या नावाने येतो. शार्ङ्गधरसंहितेत तिची गणना शरीरात त्वरित पसरणाऱ्या ‘व्यवायी’ द्रव्यांत केली असून अतिसारावरील कर्पूररसासारख्या कल्पांत ती घालतात. मल बांधणाऱ्या द्रव्यास आयुर्वेदात ‘ग्राही’ म्हणतात, तर आधुनिक शरीरक्रियाविज्ञानात ज्या रेणूवर औषध जाऊन बसते त्यासही मराठीत ‘ग्राही’ हाच शब्द रूढ झाला आहे. हा केवळ योगायोग असला, तरी प्रस्तुत विषयात दोन्ही अर्थ एकत्र येतात. अफूचे कार्य ज्यांच्यामार्फत होते ते ग्राही १९७३ मध्ये मेंदूत आढळून आले. तसेच ग्राही आतड्याच्या भित्तीतही विपुल आहेत. अतिसारावर सध्या सर्रास वापरले जाणारे लोपेरामाइड हे औषध अफूवर्गीयच आहे. नेहमीच्या मात्रेत ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही व केवळ आतड्यावर कार्य करते. एका रुग्णाच्या बाबतीत जो गुण उपकारक ठरतो, तोच दुसऱ्याच्या बाबतीत त्रासाचे मूळ होतो.

कारणमीमांसा : आतड्याच्या भित्तीतील स्नायूंच्या थरांमध्ये व श्लेष्मकलेखाली तंत्रिकांची दोन जाळी असतात. त्यांच्या नियंत्रणामुळे आतड्याचा एक भाग आकुंचन पावतो व पुढचा सैल होतो आणि अशा लाटांनी, म्हणजे क्रमसंकोचाने, अन्नरस व मल पुढे ढकलले जातात. अफूवर्गीय औषध या तंत्रिकांवरील ‘म्यू’ नावाच्या ग्राहींवर बसले म्हणजे स्नायूंना उद्दीपित करणाऱ्या ॲसिटिलकोलिनाचे विमोचन घटते. पुढे ढकलणाऱ्या लाटा त्यामुळे क्षीण होतात. याउलट, मल जागच्या जागी घुसळणारी व पुढे न सरकविणारी आकुंचने वाढतात. पोटात मुरडा येतो, परंतु शौचास होत नाही, अशी तक्रार पुष्कळ रुग्ण करतात तिचे हे कारण होय.

याच वेळी आतड्यात होणारा पाण्याचा व लवणांचा स्राव कमी होतो. मल मोठ्या आतड्यात जितका अधिक काळ रेंगाळतो, तितके त्यातील अधिक पाणी शोषले जाते व तो खड्यासारखा कठीण बनतो. गुदद्वाराच्या आतील परिसंकोची स्नायूचा ताण वाढतो आणि गुदाशय भरल्यावर येणारी शौचाची संवेदना बोथट होते. तात्पर्य, मल सरकत नाही, ओला राहत नाही, तो आल्याची जाणीव होत नाही आणि दार नीट उघडत नाही.

अफूवर्गीय औषधांच्या इतर बहुतेक दुष्परिणामांस शरीर सरावते. सुरुवातीची मळमळ व गुंगी सामान्यतः काही दिवसांत ओसरते. मलावरोधाच्या बाबतीत मात्र असा सराव जवळजवळ होत नाही. औषध चालू असेपर्यंत तो टिकून राहतो. म्हणूनच ‘काही दिवसांनी आपोआप सुरळीत होईल’ हा दिलासा येथे लागू पडत नाही. औषध सौम्य असले तरी धोका टळत नाही. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन चांगलेच मलावरोधक आहे. त्वचेवर चिकटवावयाच्या फेंटानिल-पट्ट्यांनी हा त्रास मॉर्फिनाच्या मानाने कमी होतो.

रुग्णाच्या एकूण अवस्थेमुळे त्यात भर पडते. अन्न व पाणी कमी जाणे, अंथरुणास खिळणे, मधुमेह, अवटू ग्रंथीची मंदता, हाडांत पसरलेल्या कर्करोगात रक्तातील कॅल्शियमाचे प्रमाण वाढणे, लोहाच्या गोळ्या, वांतीवर दिले जाणारे ऑनडॅन्सेट्रॉन, काही अवसादरोधी औषधे व व्हिन्क्रिस्टिनासारखी कर्करोगावरील औषधे ही त्यांपैकी काही कारणे होत. एकट्या अफूवर्गीय औषधावर दोष टाकून ही कारणे न तपासणे ही चूक व्यवहारात वारंवार होते.

लक्षणे : आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, खडा होणे, कुंथावे लागणे, पोट साफ न झाल्याची भावना, पोट फुगणे, भूक मंदावणे व मळमळ ही प्रमुख लक्षणे होत. केवळ किती वेळा शौचास झाले ही संख्या निर्णायक नसते. औषध सुरू होण्यापूर्वीची त्या व्यक्तीची सवय लक्षात घ्यावी लागते. उपेक्षा झाल्यास गुदाशयात मल अडकून त्याचा घट्ट गोळा बनतो. मूळव्याध व गुदद्वाराजवळील भेगा उद्‌भवतात. वृद्धांत लघवी तुंबणे व मनोविभ्रम ही लक्षणेदेखील दिसतात आणि त्यांचे मूळ पोटात आहे हे चटकन ध्यानात येत नाही.

अडकलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मल झिरपू लागतो, तेव्हा विशेष फसगत होते. आप्तांना रुग्णास जुलाब होत आहेत असे वाटते, ते सारक औषध बंद करतात आणि कधीकधी जुलाब थांबविण्याचे औषधही देतात. त्यामुळे अडथळा अधिकच पक्का होतो. कित्येक दिवस शौचास न झालेल्या रुग्णास एकाएकी थोडेथोडे पातळ होऊ लागले, तर गुदपरीक्षा केल्यावाचून त्यास अतिसार म्हणू नये.

या विकाराचा सर्वांत गंभीर परिणाम वेदनांच्या संदर्भात घडतो. मलावरोध असह्य झाला म्हणजे काही रुग्ण कोणास न सांगता मॉर्फिनाची गोळी चुकवू लागतात अथवा अर्धी घेतात. शौचाविषयी डॉक्टरांसमोर, विशेषतः सून वा मुलगी सोबत असताना, बोलण्याचा संकोच वाटतो. वेदना पुन्हा वाढतात, औषध लागू पडत नाही असा समज होतो आणि मात्रा वाढविली जाते. प्रत्येक भेटीत रुग्णास शौचाविषयी स्वतंत्रपणे व थेट विचारणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

चिकित्सा : अफूवर्गीय औषध नियमित सुरू करतानाच सारक औषधही सुरू करावे, हे चिकित्सेचे पहिले तत्त्व होय. मलावरोध होण्याची वाट पाहू नये. मात्र तत्पूर्वी आतड्यात अडथळा नाही याची खातरजमा करावी लागते. पोटात कळा, वारंवार वांत्या, पोट ताणलेले असणे व वाराही न सरणे अशी लक्षणे असल्यास उत्तेजक रेचक देणे धोक्याचे असून रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

येथे मुख्य दोष गती मंदावण्याचा असल्याने आतड्यास चालना देणारी रेचके प्रथम निवडतात. सोनामुखीतील सेनोसाइडे मोठ्या आतड्यातील जंतूंच्या क्रियेने कार्यक्षम होतात व सु. ८ ते १२ तासांनी परिणाम दाखवितात. म्हणून ती रात्री झोपताना देतात. बिसाकोडिलाच्या ५ मिग्रॅ.च्या गोळीचे कार्य याच धर्तीचे आहे. त्यांच्या जोडीस, किंवा स्वतंत्रपणे, तर्षणाने आतड्यात पाणी धरून ठेवणारी औषधे वापरतात. लॅक्ट्युलोजाचा परिणाम दिसण्यास एक ते दोन दिवस लागतात व त्याने पोटात वायू धरतो. पाण्यात मिसळून घ्यावयाचे पॉलिएथिलीन ग्लायकॉल पुष्कळांना अधिक मानवते. मात्रा वैद्य ठरवितो व परिणामानुसार ती वाढवितो. वेदनाशामकाची मात्रा वाढली म्हणजे सारकाचीही मात्रा पुन्हा तपासावी लागते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यास मॅग्नेशियमयुक्त सारके व फॉस्फेटयुक्त बस्ती जपूनच द्यावी लागतात.

इसबगोलाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रात मलावरोध म्हटला की घरातील वडीलधाऱ्यांचा हात प्रथम त्याच डब्याकडे जातो. इसबगोल पाणी शोषून फुगते व मलाचे आकारमान वाढविते. निरोगी आतड्यात या वाढलेल्या आकारमानामुळेच क्रमसंकोच चेततो. अफूवर्गीय औषधाने जेथे तो क्रमसंकोचच दडपला गेला आहे आणि रुग्ण दिवसभरात जेमतेम दोन-तीन पेले पाणी पितो, तेथे हा फुगलेला लगदा पुढे न सरकता अडकून बसण्याचा संभव असतो. म्हणून या विकारात इसबगोलावर विसंबू नये. एरंडेलाने तीव्र कळा येतात. ते रोज घेण्याजोगे नाही. द्रव पॅरॅफीन गिळताना फुप्फुसात गेल्यास तेथे शोथ होतो, त्यामुळे अंथरुणास खिळलेल्या रुग्णास ते देणे टाळतात.

मलाचा गोळा अडकला असल्यास वरून दिलेली औषधे पुरत नाहीत. ग्लिसरिनाची किंवा बिसाकोडिलाची गुदवर्ती, बस्ती आणि अखेरीस हातमोजा घालून बोटाने मल काढणे हे उपाय प्रशिक्षित व्यक्तीने करावयाचे असतात. कर्करोगावरील औषधांमुळे रक्तातील श्वेत कोशिका फार घटल्या असतील, तर गुदमार्गाने कोणताही उपचार सहसा करीत नाहीत.

आहार व शुश्रूषा यांचे स्थान पूरक आहे. पेज, ताक, कढण, सरबत या रूपांनी पाणी पोटात जावे. जेवणानंतर, विशेषतः सकाळच्या न्याहारीनंतर, मोठ्या आतड्याची हालचाल स्वभावतः वाढते. त्या वेळी रुग्णास शौचास बसविणे फलदायी ठरते. कमोडवर बसताना पायांखाली पाट किंवा ठेंगणे स्टूल ठेवल्यास उकिडवे बसल्यासारखी स्थिती साधते व कुंथणे कमी होते. आडोसा ही गोष्ट औषधाइतकीच महत्त्वाची आहे. एका खोलीत सारे कुटुंब राहत असताना भांड्यावर बसणे रुग्णाच्या जिवावर येते व तो वेग दाबून धरतो. पडदा लावणे, इतरांनी थोडा वेळ बाहेर जाणे एवढ्यानेही फरक पडतो.

वसई-विरार परिसरातील स्थिती : पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४) वसई-विरार हा मुंबईच्या उत्तरेचा दाट वस्तीचा नागरी भाग असून त्याची महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली. येथील कर्करोगाचे अनेक रुग्ण उपचारासाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. विरार ते दादर हे लोहमार्गाचे अंतर सु. ५० किमी. आहे. उपनगरी गाड्यांत शौचालय नसते. गर्दीच्या गाडीत अवघडलेल्या रुग्णास वाटेत शौचास लागण्याची धास्ती वाटणे स्वाभाविक असून, तपासणीच्या आदल्या रात्री सारक औषध वगळण्याचा मोह त्यातूनच उत्पन्न होतो. औषध वगळण्यापेक्षा ते घेण्याची वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलून घेणे हिताचे असते. रात्रीची गोळी संध्याकाळी लवकर घेतल्यास पहाटे, निघण्यापूर्वी, परिणाम होण्याची शक्यता वाढते. कोणत्या वेळी घेतल्यास किती तासांनी शौचास होते, हे प्रवास नसलेल्या दिवशी आधी पाहून ठेवावे लागते, कारण हा काळ व्यक्तिगणिक बदलतो.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांत केळी व पालेभाज्या पिकतात आणि राजेळी केळ्यांपासून केलेली सुकेळी प्रसिद्ध आहेत. रुग्ण खाऊ शकत असेल तर पिकलेली फळे व भाज्या त्यास अवश्य द्याव्यात. परंतु आहारातील चोथ्याने हा मलावरोध सुटेल ही अपेक्षा ठेवू नये. मुळात दोन घास जेवणाऱ्या रुग्णास आग्रहाने चोथा खाऊ घातल्यास पोट तेवढे फुगते. घरी शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीने भिंतीवरील दिनदर्शिकेत शौचाच्या दिवसावर खूण केली, तरी डॉक्टरांना पुरेशी माहिती मिळते. सलग तीन दिवस खूण नसल्यास त्यांच्याशी संपर्क साधावा.

भारतात अफूची लागवड सरकारी परवान्याने होते, तरीही वेदनाग्रस्तांना मॉर्फीन मिळणे बराच काळ दुर्घट होते. अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ मधील कडक तरतुदींमुळे रुग्णालये ते ठेवण्यास कचरत. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची पद्धत सुकर करण्यात आली. ट्रामाडॉल २०१८ मध्ये याच अधिनियमाखाली आणले गेले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन हे देशातील पहिले परिहारक शुश्रूषागृह होय. मोठ्या खटपटीने हाती आलेले मॉर्फीन केवळ मलावरोधापायी टाकून दिले जाणे हे म्हणूनच अधिक क्लेशकारक ठरते. दीर्घकाळ घेतलेले असे औषध एकाएकी बंद केल्यास घाम, अस्वस्थता, पोटात कळा व अतिसार ही वियोगलक्षणेही उद्‌भवतात.

नेहमीच्या सारकांनी गुण न आल्यास एका अफूवर्गीय औषधाऐवजी दुसरे योजून पाहतात. याखेरीज आतड्यातील म्यू ग्राहींवरून अफूवर्गीय रेणू हटविणारी, पण रक्त व मेंदू यांच्यामधील रोध सहसा न ओलांडणारी औषधे प्रचारात आली आहेत. मेथिलनॅल्ट्रेक्झोन (अमेरिकेत मान्यता २००८) त्वचेखाली टोचतात, तर नॅलोक्सेगॉल (२०१४) व नॅल्डेमेडीन (२०१७) तोंडाने देतात. यांनी वेदनाशमनात बाध न येता आतड्याची गती पूर्ववत होण्यास मदत होते. ती महाग आहेत. आतड्यात अडथळा असल्यास किंवा अर्बुदाने आतड्याची भित्ती कमकुवत झाली असल्यास भित्तीस छिद्र पडण्याचा धोका असल्याने ती वर्ज्य मानतात.