विश्लेषण : भोगवटा प्रमाणपत्र राहून गेलेल्या घराचे काय? जुनी बांधकाम परवानगी मार्गी कशी लावायची?

वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी रीतसर परवानगी काढून बंगला बांधला. घरपट्टी नियमित भरली, वीज आणि पाणीही मिळाले. आता घर विकायचे ठरले तर खरेदीदाराची बँक भोगवटा प्रमाणपत्र मागते, आणि कपाटात सापडते ते फक्त बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. राज्यातील अनेक कुटुंबांवर असा प्रसंग येतो. ही फाइल नेमकी कुठे अडते आणि ती पुढे कशी न्यायची?

परवानगी अर्धवट का राहते?

बांधकाम परवानगी हा एकच कागद नसतो. नकाशा मंजूर होऊन प्रारंभ प्रमाणपत्र (सीसी) मिळते. जोत्यापर्यंत काम झाल्यावर तपासणी होते. काम संपल्यावर आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंता पूर्णत्वाचा दाखला सादर करतो आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळते. पैशांअभावी काम थांबणे, वारसांतील वाद किंवा ‘राहायला तर लागलो’ ही भावना यामुळे शेवटचे टप्पे राहून जातात.

परवानगीची मुदत किती?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 48 नुसार परवानगी एक वर्ष वैध असते. ती दरवर्षी वाढवून घेता येते, पण ही वाढ तीन वर्षांहून अधिक मिळत नाही. म्हणजे एकूण चार वर्षे. या मुदतीत काम जोत्यापर्यंत (जोते नसल्यास तळघराच्या किंवा स्टिल्टच्या वरच्या पातळीपर्यंत) पोहोचले नाही, तर परवानगी व्यपगत होते आणि नव्याने अर्ज करावा लागतो. डिसेंबर 2020 पासून मुंबई महापालिका व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत मालकाला दिलासा देणारी तरतूद आहे : वैध मुदतीत जोत्यापर्यंत काम झाले असेल तर नूतनीकरणाची गरज नाही, काम पूर्ण होईपर्यंत परवानगी कायम राहते. त्यामुळे जोते तपासणीचा दाखला हा सर्वांत मोलाचा कागद ठरतो.

घर बांधून झाले, पण ओसी नाही. मग?

प्रथम प्रत्यक्ष बांधकाम मंजूर नकाशाशी ताडून पाहावे. दोन्ही जुळत असतील तर पूर्णत्वाचा दाखला व आवश्यक कागद जोडून ओसीसाठी अर्ज करता येतो. बाल्कनी बंदिस्त केली, जिना हलवला, एखादी खोली वाढवली असे बदल असतील तर सुधारित नकाशा सादर करावा लागतो. वाढीव भाग अनुज्ञेय चटई क्षेत्रात आणि सामासिक अंतराच्या नियमांत बसत असेल तर शुल्क भरून तो नियमित होऊ शकतो. जो भाग बसत नाही तो काढावा लागतो. अनधिकृत बांधकामाबद्दल कलम 53 ची नोटीस आली असेल, तर नोटिशीच्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम 44 अन्वये अर्ज करता येतो. त्यामुळे नोटीस बाजूला ठेवून देणे महागात पडते.

घरपट्टी भरली म्हणजे घर नियमित?

नाही. कर आकारणी आणि बांधकामाची कायदेशीरता या वेगळ्या बाबी आहेत. महापालिका अधिनियमाच्या कलम 267अ मध्ये अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावण्याची तरतूद आहे. ती भरली तरी बांधकाम नियमित होत नाही.

आताच निकड का?

सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 रोजी मेरठमधील अनधिकृत बांधकामांच्या प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पडताळल्यानंतरच बँकांनी इमारत तारण घेऊन कर्ज द्यावे, तसेच वीज, पाणी, मलनिस्सारण जोडणी हे प्रमाणपत्र दाखवल्यावरच द्यावी, असे त्यात म्हटले आहे. कर्ज न मिळणारे घर घेणारे ग्राहक मोजकेच. साहजिकच भाव पडतो.

सुरुवात कुठून करावी?

मंजूर नकाशा हाती नसेल तर नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागाकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. दाद न मिळाल्यास माहिती अधिकाराचा मार्ग आहे : अर्जाचे शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मूळ मालक हयात नसल्यास आधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर वारसांची नोंद करून घ्यावी, म्हणजे अर्ज कोणाच्या नावे करायचा हा प्रश्न उरत नाही. जुन्या आर्किटेक्टने काम सोडले असेल तर नव्याची नेमणूक विभागाला लेखी कळवावी. नव्या आर्किटेक्टकडून घराची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन आजच्या स्थितीचा नकाशा काढून घ्यावा. जुन्या मंजुरीनुसारच पुढे जावे की नव्या नियमावलीचा लाभ घ्यावा, हे दोन्हींचे शुल्क आणि क्षेत्र मांडून ठरवावे.

खरेदीदाराने काय पाहावे?

‘ओसी नंतर काढून देतो’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. ओसी कोणी काढायची, खर्च कोणाचा आणि ती मिळेपर्यंत किती रक्कम रोखून ठेवायची, हे साठेखतातच लिहून घ्यावे. विक्रेत्यासाठीही सौदा ठरण्याआधी फाइल मार्गी लावणे अधिक फायद्याचे. इसार घेतल्यानंतर कागदपत्रे शोधायला लागल्यास प्रत्येक दिवसाच्या उशिराची किंमत त्यालाच मोजावी लागते.