मारुती कांबळे आणि मुका छायाचित्रकार

सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात ‘सामना’ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारा एखादा हिंदुराव प्रत्येकाच्या ऐकण्यात होता. डॉ. जब्बार पटेल यांनी तेंडुलकरांच्या पटकथेवर 1975 साली हा चित्रपट केला. निळू फुले झाले हिंदुराव आणि साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू झाले दारुडे मास्तर. मारुती कांबळेचे काय झाले, हा एकच प्रश्न मास्तर विचारत सुटतात आणि पाटलांचे साम्राज्य हादरते. देशात आणीबाणी आली त्याच वर्षी हा चित्रपट बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

तैवानमध्ये असाच एक प्रश्न चाळीस वर्षे कुणी पडद्यावर विचारला नव्हता. फेब्रुवारी 1947 मध्ये चोरून सिगारेटी विकणाऱ्या एका बाईला सरकारी माणसांनी मारहाण केली. लोक उठले, आणि चीनमधून आलेल्या लष्कराने हजारोंना ठार केले. पुढे 1949 पासून 1987 पर्यंत लष्करी कायदा. त्या दिवसांबद्दल घरातही दबक्या आवाजात बोलायचे.

गंमत म्हणजे तिथली नवी लाट सुरू झाली ती सत्ताधारी पक्षाच्याच स्टुडिओत! प्रेक्षक हाँगकाँगच्या चित्रपटांकडे वळल्यामुळे 1982 साली त्या स्टुडिओने चार तरुण दिग्दर्शकांना संधी दिली. आपल्याकडे ‘सामना’साठी रामदास फुटाणे या कवीला निर्माता व्हावे लागले.

या लाटेतल्या हौ श्याव-श्येन यांनी लष्करी कायदा उठल्यावर दोनच वर्षांत, 1989 मध्ये, ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’ काढला. चार भावांचे हे घर. धाकटा छायाचित्रकार. ती भूमिका करणाऱ्या हाँगकाँगच्या टोनी लेउंगला तैवानी बोली येत नव्हती, म्हणून पात्रच मुके-बहिरे केले! अडचणीतून निघालेली ही तोड चित्रपटाचा प्राण ठरली. सारा देश गप्प, आणि हा चिठ्ठ्या लिहून बोलतो. व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळवणारा हा पहिला चिनी भाषिक चित्रपट.

मला विचाराल तर ‘सामना’ अधिक धीट आहे, पण हौंचा चित्रपट अधिक खोल जातो. हिंदुरावाला शेवटी पोलिस नेतात, प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. तैवानच्या त्या घरात मात्र धाकट्याला पकडून नेल्याचे एका पत्रातून कळते. म्हातारा बाप आणि वेड लागलेला मुलगा नेहमीसारखे जेवायला बसतात.